रिहोबथ बीच : हजार वस्तीचे शहर आणि मैलभर फळ्या

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेलावेअर हे क्षेत्रफळाने त्या देशातील दुसऱ्या क्रमांकाचे लहान राज्य. गोव्याच्या साधारण पावणेदोन पट. त्याच्या दक्षिणेकडील ससेक्स कौंटीत अटलांटिक महासागराला तोंड करून रिहोबथ बीच हे शहर वसले आहे. जमिनीचे क्षेत्र जेमतेम तीन चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेनुसार कायम रहिवासी १,१०८. उन्हाळ्यात मात्र शहराच्या हद्दीतच पंचवीस हजारांहून अधिक माणसे असतात. एवढ्या लहान जागेवर एवढी माणसे आली की जागा कोणाची, नियम कोणाचे आणि खर्च कोणाचा हे प्रश्न उभे राहतात, आणि या शहराचा इतिहास बराचसा त्या प्रश्नांचाच इतिहास आहे.

शहराची ओळख म्हणजे किनाऱ्याला समांतर धावणारा सुमारे एक मैल लांबीचा बोर्डवॉक, म्हणजे लाकडी फळ्यांची रुंद पायवाट. ही कल्पना मूळची न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीची. समुद्रावर फिरून येणारे पाहुणे बुटांबरोबर वाळू हॉटेलात आणि रेल्वेच्या डब्यात आणतात, म्हणून १८७० मध्ये तेथे फळ्यांची पहिली वाट घालण्यात आली. ती सुचवणाऱ्यांपैकी एक रेल्वेतील कंडक्टर होता आणि त्याचे आडनाव योगायोगाने बोर्डमन होते. गालिचे स्वच्छ ठेवण्याची ही युक्ती पुढे अमेरिकी किनाऱ्यावरील शहरांचे वैभव ठरली.

रिहोबथ हे नाव बायबलमधले. मराठी बायबलात ते ‘रहोबोथ’ असे येते. इसहाकाच्या माणसांनी खणलेल्या पहिल्या दोन विहिरींवरून भांडणे झाली. तिसरीवर कोणी हक्क सांगितला नाही, म्हणून तिला ‘ऐसपैस जागा’ या अर्थाचे हे नाव मिळाले. जवळच्या उपसागराला ते शहर वसण्यापूर्वीपासून होते. १८७३ मध्ये विल्मिंग्टन येथील मेथडिस्ट धर्मोपदेशक रॉबर्ट टॉड यांनी उन्हाळी प्रार्थनामेळाव्यांसाठी ही जागा निवडली. मेळावे भरवणारी संस्था १८८१ मध्येच विसर्जित झाली. पण १८७८ मध्ये रेल्वे येऊन पोहोचली होती, आणि प्रार्थनेसाठी येणाऱ्यांपेक्षा पोहायला येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. १८९१ मध्ये राज्य विधिमंडळाने शहराला सनद दिली. १९५२ मध्ये चेसापीक उपसागरावरील पूल खुला झाल्यावर वॉशिंग्टनहून मोटारीने येणे सोपे झाले आणि शहराला ‘राष्ट्राची उन्हाळी राजधानी’ हे बिरुद चिकटले. बाल्टिमोर, विल्मिंग्टन, मेरीलँड, व्हर्जिनिया ही येथील रस्त्यांची नावे पाहिली की पाहुणे कोठून येत आले, हे सांगावे लागत नाही.

समुद्राने मात्र या शहराशी कधी नरमाई दाखवलेली नाही. रिहोबथ वाळूच्या पट्टीवर नसून मुख्य भूमीच्या किंचित उंच, पुढे आलेल्या भागावर आहे. अशा भागावर लाटांचा मारा अधिक. येथील वाळू किनाऱ्याला समांतर प्रवाहाबरोबर उत्तरेकडे केप हेन्लोपन भूशिराच्या दिशेने सरकते; ते टोक वाढत राहते आणि रिहोबथचा किनारा झिजत राहतो. १९१४ च्या वादळाने बोर्डवॉक तर नेलाच, शिवाय त्याच्या आणि हॉटेलांच्या मधला सर्फ अ‍ॅव्हेन्यू हा रस्ताही नेला. तो रस्ता पुन्हा झाला नाही.

त्याहून मोठा घाव मार्च १९६२ चा. ६ ते ८ मार्चदरम्यान एक वादळ किनाऱ्याजवळ येऊन जागच्या जागी घुटमळत राहिले. अमावास्येच्या उधाणाचे दिवस होते. लागोपाठ पाच भरत्या त्या वादळाच्या पाठबळावर किनाऱ्यावर आदळल्या. एका भरतीचे पाणी पुरते ओसरण्याआधी दुसरी येत होती. बोर्डवॉक संपूर्ण उद्ध्वस्त झाला, समुद्राकडच्या इमारती कोसळल्या. तरी त्याच वर्षी एका कुटुंबाने बोर्डवॉकवरील वादळात सापडलेले करमणुकीचे ठिकाण हाती घेऊन ‘फनलँड’ सुरू केले. पाळणे, चक्रे आणि पैजेचे लहानसहान खेळ असलेले हे उद्यान आजही चालू आहे, आणि अनेक घरांतील तिसरी पिढी आता तेथे मुलांना घेऊन येते.

आज किनाऱ्यावर दिसणारी रुंद वाळू आणि गवताने बांधलेली टेकाडे बहुतांशी माणसाने घातलेली आहेत. २००५ मध्ये लष्कराच्या अभियंता विभागाने समुद्रतळातील वाळू उपसून नळांवाटे रिहोबथ आणि शेजारच्या ड्यूई बीचच्या किनाऱ्यावर आणली. हे एकदा करून भागत नाही. काही वर्षांच्या अंतराने पुन्हा वाळू घालावी लागते. खर्च केंद्र आणि राज्य सरकार वाटून घेतात. म्हणजे कधी समुद्रावर न येणारा करदाताही ही पुळण टिकवण्यासाठी पैसे मोजतो. त्या बदल्यात येथे किनाऱ्यावर जायला शुल्क नाही. शेजारच्या न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी त्यासाठी बिल्ला विकत घ्यावा लागतो, हे लक्षात घेता ही सवलत लहान नव्हे.

सांडपाण्याचा प्रश्न अधिक वादग्रस्त ठरला. शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी लुईस-रिहोबथ कालव्यात सोडले जाई; तेथून ते उपसागरात जाऊन पाण्याची प्रत बिघडवी. ते थांबवणे भाग पडल्यावर सुमारे सहा हजार फूट लांबीची नळवाहिनी टाकून ते थेट महासागरात सोडण्याचा पर्याय पुढे आला. ज्या समुद्रावर शहर जगते त्यातच सांडपाणी सोडायचे, यावर पर्यावरणवाद्यांचा आक्षेप होता. २०१५ मध्ये कर्जउभारणीच्या प्रश्नावर जनमत कौल झाला, मतदारांनी होकार दिला आणि २०१८ मध्ये वाहिनी सुरू झाली.

२०१५ मध्येच आणखी एक कौल झाला. जुनी छोटी घरे पाडून भरपूर शयनगृहांची, तरणतलाव असलेली घरे बांधायची आणि ती आठवड्याच्या भाड्याने द्यायची, असा प्रकार वाढला होता. शेजारी त्यांना ‘छोटी हॉटेले’ म्हणू लागले. घरांच्या आकाराला आणि तलावांना आळा घालणारा नियम शहराने केला. विरोधकांनी सह्या गोळा करून तो मतदानाला लावला. मतदारांनी नियम कायम ठेवला.

येथे मतदार म्हणजे कोण, हे पाहण्यासारखे आहे. रिहोबथच्या नगरपालिका निवडणुकीत येथे घर असलेल्या पण दुसरीकडे राहणाऱ्या मालकालाही मत देता येते. २०१७ मध्ये याही पुढे जाऊन, कंपनीच्या नावे मालमत्ता असल्यास तिच्या वतीने मत देण्याची मुभा सुचवली गेली. त्यावर एवढा गहजब झाला की प्रस्ताव गुंडाळावा लागला. आपल्याकडे मतदार यादीत नाव येण्यासाठी त्या ठिकाणचे सामान्य वास्तव्य लागते. सुट्टीपुरते उघडणारे घर पुरत नाही. दुसऱ्या घरांची संख्या वाढत असलेल्या गोव्यात या फरकाचे मोल सहज कळावे.

बोर्डवॉकवरची खाद्यसंस्कृती साधी आहे. ‘थ्रॅशर्स’चे बटाट्याचे तळलेले काप मीठ आणि व्हिनेगर घालून खायचे, टोमॅटो केचप मागितला तरी मिळत नाही. ‘ग्रोटो पिझ्झा’ची सुरुवात १९६० मध्ये येथूनच झाली. ‘सॉल्ट वॉटर टॅफी’ ही चिवट, कागदात गुंडाळलेली मिठाई ‘डॉल्स’ या दुकानात १९२७ पासून मिळे. नावात खारे पाणी असले तरी तीत समुद्राचे पाणी नसते. रिहोबथ अ‍ॅव्हेन्यू आणि बोर्डवॉक यांच्या कोपऱ्यावरची या दुकानाची नारिंगी पाटी म्हणजे शहराची खूणच होती. जागेच्या भाडेकरारावरून दुकानाने तो कोपरा सोडला आणि पाटीही उतरली. अशा शहरात वादळ नेत नाही ते भाडे नेते.

पाहुणचाराच्या बाबतीतही सगळे सुरळीत नव्हते. समलिंगी स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने येथे येऊ लागले, तेव्हा ‘हे कुटुंबवत्सल शहरच राहू द्या’ अशा अर्थाची चिकटपत्रे मोटारींवर झळकली. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेल्या ‘कॅम्प रिहोबथ’ या संस्थेने दुकानदार, पोलीस आणि रहिवासी यांच्याशी बोलणी करत हा तणाव निवळवला. आज ही संस्था शहराच्या सार्वजनिक जीवनाचा प्रस्थापित भाग आहे. उन्हाळी दुकाने चालवण्यासाठी परदेशी विद्यार्थी, विशेषतः पूर्व युरोपातले, हंगामी व्हिसावर येतात. त्यांना परवडेल अशी खोली शहरात मिळणे कठीण. बरेच जण दूर राहून सायकलीने कामावर येतात.

माजी अध्यक्ष जो बायडन यांनी २०१७ मध्ये शहराच्या हद्दीलगत उत्तरेस नॉर्थ शोर्स येथे घर घेतले. २१ जुलै २०२४ रोजी निवडणुकीतून माघार जाहीर केली तेव्हा कोविडमुळे ते तेथेच विलगीकरणात होते.

बोर्डवॉकवर उन्हाळ्यात सायकलींना सकाळी पाच ते दहा एवढीच मुभा असते. सप्टेंबरच्या मध्यानंतर हे बंधन उठते आणि पार्किंगची मीटरेही बंद होतात. ऑक्टोबरअखेर भरणारा ‘सी विच’ उत्सव ही वर्षातली शेवटची मोठी गर्दी. त्यानंतर मे महिन्यापर्यंत मैलभर फळ्या बऱ्याचशा त्या हजार-अकराशे रहिवाशांच्याच असतात.