आजीचं डाळिंब आणि माझं

आमच्या सेलूच्या घरात डाळिंब सुरीनं मधोमध कापायचं नाही, हा आजीचा नियम. वरचा मुकुट गोल छेद देऊन उचलायचा. आत पांढरे पडदे दिसतात, त्यांच्या रेषेत सालीवर वरून खाली हलके छेद द्यायचे आणि फळ हातानं उकलायचं. दाणे फुटत नाहीत, कपड्यांवर डाग पडत नाहीत.

गेल्या दिवाळीत मी बाजारातून भगवा डाळिंबं आणली. आमचा परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. गाडीवाले चाचा अजूनही 'अनार'च म्हणतात. मी फळ उकललं. लालभडक दाणे बघून आजी म्हणाली, "रंग मारलाय का गं ह्याला?"

मी हसले. पण नंतर वाचत गेले, तेव्हा कळलं की हा रंग खरंच माणसानं आणलेला आहे. 1936 मध्ये पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी आळंदीच्या स्थानिक डाळिंबांतून मऊ बियांचं एक झाड निवडलं. पुढे 1970 मध्ये त्या वाणाला 'गणेश' हे नाव मिळालं. त्याचे दाणे फिकट गुलाबी. मग राहुरीच्या कृषी विद्यापीठात त्याचा संकर गडद लाल, पण कडक बियांच्या 'गुल-ए-शाह रेड' या रशियन वाणाशी झाला. त्या वंशातला भगवा 2003-04 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. म्हणजे मला जे 'खरं' डाळिंब वाटतं, ते माझ्याहूनही लहान आहे!

आजीचं डाळिंब अंगणातलं होतं. दाणे पांढरट गुलाबी, चव आंबटगोड, बी इतकी टणक की रस चोखून थुंकायची. गणपतीच्या पत्रीत त्याची पानं जायची. वाळवलेली साल पोट बिघडलं की उगाळून मिळायची. न्हाणीघर बांधताना ते झाड तोडलं गेलं. तेव्हा कुणाला काहीच वाटलं नाही; डाळिंबं काय, बाजारात मिळतातच.

पण डाळिंबाच्या बीपासून आईसारखंच झाड येईल याची खात्री नसते. म्हणून बागांसाठी फांदीला गुटी बांधून रोपं करतात. भगव्याची रोपं कुठल्याही चांगल्या रोपवाटिकेत मिळतील. आजीचं झाड मात्र बीपासून आपोआप उगवलेलं, म्हणजे तसं ते एकच. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, पण घरच्या झाडाची एक गुटी बांधून ठेवावी, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. 'गणेश'सुद्धा अशाच गावठी डाळिंबांतून निवडला गेला होता.

आजीला आता दात नाहीत. तिनं भगव्याचे दोन दाणे हिरड्यांनी दाबले आणि बीसकट गिळले.

"गोड आहे," ती म्हणाली. मग वाटी पुढे केली. "आणखी दे. आपल्या झाडाचं मला आता खाताच आलं नसतं."