गुरांचा वैद्य आणि कायदा : सालोत्र्यापासून नोंदणी क्रमांकापर्यंत

कुही, मांढळ, वेलतूर, तितूर या परिसरातील जुन्या व्यवहारात कास्तकाराची पत त्याच्या बैलजोडीवरून ठरत असे. ट्रॅक्टर गावोगाव येण्यापूर्वी नांगरणी, वखरणी, बाजारहाट, लग्नाचे वऱ्हाड या सर्वांचा भार बैलांच्याच खांद्यावर होता. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या खांद्यांना तूप-हळद चोळण्याची रीत पडली. असा बैल ऐन पेरणीत बसला, की घराचा वर्षाचा हिशेब कोलमडे. त्या प्रसंगी ज्याला हाक मारावयाची तो माणूस कोण, त्याला काय येते, आणि त्याच्या हातून जनावर दगावले तर जबाबदार कोण, या प्रश्नांचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. जीवदयेचे व्रत मानणाऱ्या समाजाला तो ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण दया मनात असली तरी सुई हातात असते, आणि हात शिकलेला असावा लागतो.

आपल्या देशात पशुचिकित्सा प्राचीन आहे. शालिहोत्राचे अश्वशास्त्र व पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद यांची नावे सर्वपरिचित आहेत. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील शिलालेखात मनुष्यांची व पशूंची अशा दोन्ही चिकित्सांचा उल्लेख येतो. त्याहून लक्षणीय वाटते ती कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तरतूद. उपचारातील किंवा औषधातील दोषामुळे घोड्याचा रोग बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्याच दोषाने घोडा गेला तर त्याच्या किमतीएवढा दंड, असा नियम अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात सांगितला आहे. गाय, म्हैस, गाढव, उंट, शेळ्या-मेंढ्या यांनाही तो लागू केला आहे. वैद्य कोठे शिकला हे येथे राज्य विचारीत नाही, निकाल काय लागला तेवढेच पाहते. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर दुकानाचा परवाना कोणी तपासत नव्हते. खराब मालाची भरपाई मात्र वसूल होत होती.

पुढील शतकांत ही विद्या वंशपरंपरेने चालली. शालिहोत्र या नावावरूनच ‘सालोत्री’ हा शब्द रूढ झाला. गावातील जाणता माणूस मोडलेला पाय बांधी, पोट फुगलेल्या बैलाला तेल पाजी, सुजेवर डाग देई. त्यातले काही उपाय अनुभवाने पारखलेले होते, काही निव्वळ क्रूर होते. गोऱ्ह्याचे अंड ठेचून त्याला बडवण्याची जुनी पद्धत आठवली तरी अंगावर काटा येतो. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या यांची साथ आली की मात्र तो जाणताही हतबल होई आणि गोठेच्या गोठे रिकामे पडत.

इंग्रजी अमलात आधुनिक पशुवैद्यक आले ते मुख्यतः लष्कराच्या घोड्यांसाठी. १८८२ मध्ये लाहोर येथे पशुवैद्यक शाळा निघाली. मुंबईची कथा थोडी निराळी आहे, आणि ती सांगताना व्यापारी समाजाचा उल्लेख टाळता येत नाही. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ स्थापन झाली होती. पुढे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे पत्नीच्या नावाने बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तेथून उत्तीर्ण होणारा ‘जी.बी.व्ही.सी.’ ही अक्षरे नावापुढे लावू लागला. पांजरापोळीने जनावराला आसरा दिला, तर या महाविद्यालयाने त्याला वैद्य दिला.

तथापि कायदा अद्याप वैद्याकडे वळला नव्हता. इंग्लंडमध्ये १८४४ साली पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजला सनद मिळाली व १८८१ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्यास ‘व्हेटरिनरी सर्जन’ म्हणवून घेण्यास मनाई झाली. येथे मात्र १८९९ साली कायदा झाला तो घोड्यांच्या ग्लँडर्स रोगाविषयीचा, म्हणजे रोगावर नियंत्रण आणि रोगी जनावराची विल्हेवाट. उपचार कोणी करावा याचे बंधन रयतेच्या बैलाबाबत कोणावरच नव्हते. घोडा सरकारचा होता, बैल रयतेचा होता, हेच त्यामागचे सरळ कारण दिसते.

स्वातंत्र्यानंतर नागपूरची स्थिती काहीशी अडचणीची होती. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता आणि जबलपूर येथे १९४८ मध्ये निघालेले पशुवैद्यक महाविद्यालय राज्यपुनर्रचनेत तिकडेच राहिले. विदर्भ मुंबई राज्यात आला व १९५८ मध्ये नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. कुहीसारख्या तालुक्याच्या दृष्टीने ही तारीख मोठी आहे. शिकलेला पशुवैद्य चाळीस किलोमीटरवर तयार होऊ लागला. हे महाविद्यालय पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे गेले, आणि २००० साली नागपुरातच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याचा घटक बनले.

राज्याने १९७१ मध्ये महाराष्ट्र पशुवैद्यक व्यवसायी अधिनियम केला. परंतु प्रत्येक राज्याची नोंदवही वेगळी असल्याने एका राज्यातील पदवी दुसऱ्या राज्यात कितपत मानावी, हा घोळ कायम होता. माणसांच्या डॉक्टरांसाठी संसदेने १९५६ मध्येच देशव्यापी कायदा केला असताना गुरांच्या डॉक्टरांना आणखी २८ वर्षे का थांबावे लागले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत आहे. पशुवैद्यकीय शिक्षण व व्यवसाय मात्र राज्यसूचीच्या १५ व्या नोंदीत आहे. त्यामुळे संसदेला परस्पर कायदा करता येत नव्हता. अखेर हरियाणा, बिहार, ओरिसा, हिमाचल प्रदेश व राजस्थान या पाच राज्यांच्या विधिमंडळांनी अनुच्छेद २५२ अन्वये ठराव केले आणि त्यांच्या आधारे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ संमत झाला. केंद्रीय परिषद १९८९ मध्ये अस्तित्वात आली. महाराष्ट्राने हा कायदा १९९७ मध्ये स्वीकारला, म्हणजे संसदेच्या संमतीनंतर तेरा वर्षांनी. दुभत्या जनावरांच्या राज्यात ही दिरंगाई शोभली नाही, इतके म्हटल्यावाचून राहवत नाही. समाधानाची गोष्ट अशी की, राज्य पशुवैद्यक परिषदेचे कार्यालय नागपुरात आले.

या कायद्याने काय बदलले? मान्यताप्राप्त पदवी असलेल्याचेच नाव नोंदवहीत येते, त्याला क्रमांक मिळतो आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. कापड दुकानातील मीटरपट्टीवर ठराविक मुदतीने सरकारी शिक्का घ्यावा लागतो, त्यातलाच हा प्रकार होय. कलम ३० मध्ये नोंदणीकृत व्यवसायीचे हक्क सांगितले आहेत: सरकारी संस्थेत पशुवैद्य म्हणून पद धारण करणे, व्यवसाय करणे, आरोग्याचा दाखला सही करून देणे आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणे. नोंदणीवाचून व्यवसाय करणे हा शिक्षेस पात्र अपराध ठरला.

यातील सहीचा अधिकार वरवर किरकोळ वाटतो. तो तसा नाही. १९७८ च्या पशुवाहतूक नियमांनुसार गुरे गाडीत चढविण्यापूर्वी ती प्रवासास योग्य व संसर्गजन्य रोगापासून मुक्त असल्याचा पात्र पशुवैद्याचा दाखला लागतो, आणि साध्या मालमोटारीत सहापेक्षा अधिक गुरे नेता येत नाहीत. रस्त्यावर अडविलेल्या गाडीतील मुक्या जनावरांचे पुढे काय होणार, हे पुष्कळदा त्या एका कागदावर अवलंबून असते. खोटी सही करणाऱ्याचे नाव नोंदवहीतून कमी करण्याचा अधिकार परिषदेला आहे, म्हणून त्या सहीला वजन आहे.

खरा पेच निराळाच आहे. पदवीधर पशुवैद्य गावोगाव मिळत नाही. जिल्हा परिषदेच्या व्यवस्थेत अनेक वर्षे श्रेणी-१ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी आणि श्रेणी-२ च्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक अशी रचना राहिली. वैनगंगेच्या काठच्या आडगावात रात्री गाय अडली, तर धावून येणारा बहुधा हा पर्यवेक्षक किंवा खासगी पदविकाधारकच असे. कायद्याने त्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. कलम ३० च्याच परंतुकाप्रमाणे राज्य सरकार अशा पदविका-प्रमाणपत्रधारकांना नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची मुभा देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही त्याची उदाहरणे कायद्यातच दिली आहेत. महाराष्ट्राने २७ ऑगस्ट २००९ रोजी तशी अधिसूचना काढली. आक्षेप आला तो ‘देखरेखीखाली’ या शब्दावर. देखरेख करणारा वीस किलोमीटर दूर आणि गाय समोर तडफडत असताना त्या शब्दाचा अर्थ काय करावा? २०२१ मध्ये राज्यभरातील पदविकाधारकांनी आंदोलन केले, त्यात ही अधिसूचना रद्द करण्याची मागणी होती.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पदविकाधारकाने केलेली सेवा खेडे विसरणार नाही. परंतु प्रतिजैविके व वेदनाशामके हाताळण्याची मुभा सरसकट दिली, तर त्याचे परिणाम एका गोठ्यापुरते राहत नाहीत. गिधाडांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. डायक्लोफेनॅक टोचलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि आकाशात सर्रास दिसणारा पक्षी दुर्मिळ झाला. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही बंदी घालण्यात आली. एका जिवाची वेदना शमविताना दुसऱ्या जिवाची जातच संपत आली, हे टोचणाऱ्याला ठाऊक नव्हते. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना अपाय न करणारा पर्याय उपलब्ध आहे, हे गोशाळा-पांजरापोळ चालविणाऱ्या विश्वस्तांनी लक्षात ठेवावे. औषधाची चिठ्ठी नोंदणीकृत पशुवैद्याचीच असावी, तीवर नोंदणी क्रमांक असावा, आणि ती फाईलला लावून ठेवावी.

बुळकांडीचे उच्चाटन हे या साऱ्या व्यवस्थेचे सर्वांत मोठे फळ. १९५४ पासून देशव्यापी लसीकरण चालले, २००६ मध्ये भारत व २०११ मध्ये संपूर्ण जग त्या रोगातून मुक्त झाले. २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग प्रतिबंध कायद्याने १८९९ चा ग्लँडर्सचा जुना कायदा इतिहासजमा केला आणि अनुसूचित रोगाची खबर देण्याची जबाबदारी जनावराच्या मालकावरही टाकली. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग महाराष्ट्रात पसरला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचण्यात आली. गुरांचे बाजार काही काळ बंद राहिले, आणि त्या वर्षी पोळ्यानंतर बैलांच्या खरेदी-विक्रीला आलेल्या कास्तकाराला बाजाराच्या फाटकावरूनच परत फिरावे लागले.