ग्रॅन टुरिस्मोचं आजोळ

१९८९ साली अटारीने ‘हार्ड ड्रायव्हिन’ हा खेळ आर्केडमध्ये आणला. नाणं टाकायचं, सीट पुढे-मागे सरकवून घ्यायची, किल्ली फिरवून इंजिन सुरू करायचं, क्लच दाबून गिअर टाकायचा. रस्त्याकडेच्या गायीला धडक दिली तर ती हंबरायची. या खेळाच्या श्रेयनामावलीत ‘टेस्ट ड्रायव्हर’ म्हणून डग मिलिकन हे नाव आहे. पडद्यावरच्या गाडीला टेस्ट ड्रायव्हर कशाला लागतो? लागत नाहीच. वळणावर गाडी कशी वागेल याचं गणित बसवण्यात मिलिकन यांचा हात होता. खेळात खऱ्या गाडीचं गणित आहे याचा अटारीला गवगवा नको होता, म्हणून हे भलतंच पद.

या आडनावाचा माग काढत गेलं की आपण न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात पोचतो, तेही विमानांच्या प्रयोगशाळेत! डग यांचे वडील बिल मिलिकन (१९११–२०१२) हे विमानांच्या उड्डाण-चाचण्यांत मुरलेले अभियंते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बोईंगमध्ये होते, नंतर बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत आले. शर्यतींचा नाद जबरदस्त. १९४८ मध्ये वॉटकिन्स ग्लेनच्या पहिल्याच शर्यतीत त्यांची बुगाटी एका वळणावर उलटली. ते वळण आजही ‘मिलिकन्स कॉर्नर’ म्हणून ओळखलं जातं.

या प्रयोगशाळेत हवेत असतानाच स्वभाव बदलता येईल अशी विमानं तयार केली जात. एकच विमान, पण यंत्रणेतली मूल्यं फिरवली की कधी आज्ञाधारक, कधी अवखळ. वैमानिकाने ते उडवायचं आणि हाताला कसं लागलं ते सांगायचं. मिलिकन यांच्या गटाने जनरल मोटर्सच्या मदतीने विमानाच्या स्थैर्याचं हे शास्त्र मोटारीला लावलं. लेनर्ड सेगल यांनी गाडीच्या वळण्याची समीकरणं मांडली, एका ब्यूक गाडीवर मोजमापं घेतली, आणि दोन्हींचा मेळ बसला. १९५६ मध्ये हे सगळं काम लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्समध्ये सादर झालं.

सगळी मेख एका कोनात आहे. स्टिअरिंग वळवलं की चाकाचं तोंड एकीकडे असतं आणि चाक प्रत्यक्षात जातं किंचित दुसरीकडे. रस्त्याला टेकलेला रबराचा तळहाताएवढा भाग या ओढाताणीत पिळला जातो आणि त्यातूनच गाडीला वळवणारं बल निर्माण होतं. या तफावतीला ‘स्लिप अँगल’ म्हणतात. काही अंशांपर्यंत कोनाबरोबर बल वाढतं, मग ते शिगेला पोचतं, आणि त्यापुढे टायर हात टेकतो. पुढचे टायर आधी दमले तर गाडी वळणातून बाहेर सरकते, मागचे दमले तर गाडीचं बूड फिरतं. खरं सिम्युलेशन आणि नुसती पळापळ यांतला भेद माझ्या मते इथेच आहे.

त्याच बफेलोत रेमंड मॅकहेन्री यांनी महामार्गांवरच्या अपघातांच्या अभ्यासासाठी गाडीच्या हालचालींचा संगणकीय प्रोग्रॅम रचला. १९७४ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ या बाँडपटात एक गाडी मोडक्या पुलावरून उडते, हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे चाकांवर उतरते. ती उडी आधी या प्रोग्रॅमने संगणकात मारून पाहिली होती. तोल साधावा म्हणून स्टिअरिंग आणि चालक दोन्ही गाडीच्या मधोमध ठेवले होते. थायलंडमध्ये हे दृश्य पहिल्याच प्रयत्नात जमलं. आधी आकड्यांतली गाडी, मग लोखंडाची.

आता ग्रॅन टुरिस्मो, म्हणजे गाड्यांच्या शर्यतींचा खेळ. २३ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशनवर आला, एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची नेहमी सांगितली जाणारी वंशावळ अशी: त्याचे कर्ते काझुनोरी यामाउची यांनी आधी ‘मोटर टून ग्रां प्री’ हा रबरासारख्या वाकणाऱ्या कार्टून गाड्यांचा खेळ केला, त्यातून हा निघाला. घर तेच, हे कबूल. पण घर आणि आजोळ वेगळं असतं. दुसरा दावा इंग्लंडच्या जेफ क्रॅमंड यांचा. त्यांचा ‘रेव्ज’ हा शर्यतीचा खेळ १९८४ चा, म्हणजे हार्ड ड्रायव्हिनच्या पाच वर्षं आधीचा, आणि त्यासाठी त्यांनी फॉर्म्युला थ्रीचे चालक डेव्हिड हंट यांची मदत घेतली होती. हा दावा तगडा आहे, आणि खेळांपुरतं पाहिलं तर मान क्रॅमंड यांचाच. पण १९५६ नंतर वळणाचं गणित करायला जो बसला, त्याला बहुधा बफेलोच्या रस्त्यानेच जावं लागलं. बफेलो ते टोकियो हा धागा कोणी कागदावर जोडून ठेवलेला नाही. तरी मी तो जोडतो, कारण पुरावा खुद्द खेळातच आहे.

ग्रॅन टुरिस्मोत शर्यतीपूर्वीचा सेटिंगचा पडदा उघडा. स्प्रिंग, डॅम्पर, कॅम्बर, पुढचा-मागचा स्टॅबिलायझर, सगळे आकडे आपल्या हाती. पुढचा स्टॅबिलायझर कडक केला की वळणात पुढच्या बाहेरच्या चाकावर जादा भार येतो, पुढची पकड आधी सुटते आणि गाडी नाक बाहेर काढते. मागचा कडक करा, बूड हलकं होतं. गाडी तीच, आकडे फिरवले की स्वभाव दुसरा, आणि निवाडा चालवणाऱ्याच्या हाताचा. आर्केडमधल्या जुन्या शर्यतींत ही कल्पना सहसा नव्हती, कार्टून गाड्यांत तिची गरजच नव्हती. बफेलोच्या विमानांत मात्र ती जशीच्या तशी होती.