मूठभर ज्वारी आणि राहायची खोली



जून महिन्यात आपल्या गटांच्या बैठकीत एकच विषय असतो, तो म्हणजे बियाणं. सोयाबीनची थैली, खत, पेरणीची मजुरी. गेल्या जूनमध्ये मालेगाव तालुक्यातल्या एका गटात मात्र एका ताईनं वेगळंच मागणं मांडलं. तिच्या लेकीचा पुण्याला एम.एस्सी.ला नंबर लागला होता. फीमध्ये सवलत होती. ताई म्हणाली, "नंबर त लागला बाई, पन थे राहीन कुठी?" तिला खोलीच्या डिपॉझिटसाठी गटातून 12,000 रुपये कर्ज हवं होतं.

गटातल्या एका आजीनं लगेच विचारलं, "पेरनीले कर्ज, म्हशीले कर्ज. खोलीले कोनी कर्ज देते का?"

खरं सांगायचं तर आम्हा सहयोगिनींकडेही तेव्हा उत्तर नव्हतं. कर्जाच्या रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं: शेती, दवाखाना, शिक्षण, घरदुरुस्ती. परक्या शहरातली भाड्याची खोली कशात बसवायची? विषय पुढच्या बैठकीवर गेला. पण आजीचा प्रश्न आमच्या डोक्यात राहिला, आणि आम्ही जुनं काही वाचायला काढलं. ते आज तुम्हाला सांगतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शाळा-कॉलेजं मोठ्या गावातच होती. गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिकायला गेला, की तो वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाहीतर माधुकरी मागायचा. त्यातही हाल होतेच, पण निदान दार होतं. कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या पोराला ते दार नव्हतं आणि महाराच्या, मांगाच्या पोराला तर ओसरीवरही कोणी उभं करत नसे. म्हणजे शाळेत नाव घालता आलं, तरी रात्री पाठ टेकायची कुठे आणि भाकर खायची कुठे, इथेच शिक्षण थांबायचं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे नेमकं ओळखलं. 1901 साली त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं. मग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जातवार वसतिगृहं कशाला, असं आज वाटेल. पण एका पंगतीला बसायला तेव्हा कोणी तयार नव्हतं, आणि मुलं तर तेव्हाच शिकायची होती.

ती एक पंगत पुढे साताऱ्यात बसली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली तिथे वसतिगृह सुरू केलं. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि कामही करायची. त्या मुलांना जेवू घालण्यात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मोठा वाटा होता. एकेक करून त्यांचे दागिने मुलांच्या पोटासाठी गेले आणि एका अडचणीच्या दिवशी गळ्यातलं मंगळसूत्रही गेलं. 1930 साली त्या वारल्या. भाऊरावांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. लक्ष्मीबाईंचं नाव आपल्याकडे किती जणींनी ऐकलं असेल, कोण जाणे.

आता आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट. या वसतिगृहांना धान्य कुठून यायचं? मुष्टिफंडातून. मुष्टी म्हणजे मूठ. घरातली बाई दळायला बसण्याआधी एक मूठ धान्य बाजूला काढायची, साठलं की ते वसतिगृहाला जायचं. मूठ दिल्यानं कोणाचं घर उपाशी राहत नव्हतं, आणि गावभरच्या मुठींवर पोरं जेवत होती. आपण महिन्याला शंभर रुपये बचत टाकतो, त्याच्या कितीतरी आधी बायका हेच करत होत्या. फक्त त्यांच्या हातात पासबुक नव्हतं आणि ठरावाच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं.

हे सगळं तिकडचं झालं, आपल्या वऱ्हाडात काय होतं, असं कोणी विचारील. पापळचे पंजाबराव देशमुख शाळकरी वयात काही काळ आपल्याच कारंज्यात शिकले. पुढे पुणे, मग विलायत. 1926 साली ते परत आले आणि लवकरच त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. तेही मुष्टिफंडावर. स्वतः शिक्षणासाठी गावोगाव राहिलेल्या माणसाला आधी छात्रालय सुचावं, यात आम्हाला तरी नवल वाटलं नाही.

पण मैत्रिणींनो, वाचताना एक गोष्ट आम्हाला टोचत राहिली. यातली बहुतेक वसतिगृहं मुलांची. मूठ बाईची, स्वयंपाक बाईचा, आणि खोली मुलाची!

मुलींसाठी काहीच झालं नाही, असं मात्र नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे शिकायला आलेल्या पहिल्या मुलींपैकी एक गोदूबाई, बालविधवा. पुढे त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी 1896 साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि तो 1900 साली गावाबाहेर हिंगण्याला नेला. तिथे सुरुवात झोपडीत झाली. पण त्या आश्रमात सुरुवातीला आल्या त्या उच्च जातीच्या मुली. आपल्यापैकी बहुतेकींच्या पणज्यांना तिथे जागा मिळाली नसती.

म्हणून आम्हाला सगळ्यात मोठी वाटली ती नागपूरची गोष्ट. 20 जुलै 1942 रोजी तिथे दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब आंबेडकर हजर होते. हजारो बायका आल्या होत्या. त्यांनी जे ठराव केले ते पाहा: बाईला घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून जास्त बायका करायची चाल बंद व्हावी, कामगार बायकांना पगारी रजा मिळावी. आणि त्यातच एक ठराव असा, की सरकारनं आपल्या खर्चानं मुलींसाठी वसतिगृहं काढावीत. म्हणजे लेकीला राहायला जागा मागणं ही लाजायची गोष्ट आहे, असं त्यांना वाटलं नव्हतं. घटस्फोट आणि पगारी रजेच्या रांगेतच त्यांनी ती मागितली.

आज सरकारी वसतिगृहं आहेत. जागा कमी, गुणांवर यादी लागते. यादीत नाव नसलं तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठीच्या निर्वाह भत्त्याला तर पंजाबरावांचंच नाव आहे. अर्ज भरायला आम्ही मदत करतो, बँक खातं आधारला जोडलेलं ठेवा. पण भत्ता मिळतो नंतर, आणि घरमालक डिपॉझिट मागतो आज. अडचण आहे ती इथेच.

त्या ताईच्या लेकीचंही तसंच झालं. गटाचा विषय पुढे गेल्यावर तिच्या मामानं फोटो पाहून एका एजंटला 3,000 रुपये फोनवरून पाठवले. रात्रभर ट्रॅव्हल्सचा प्रवास करून मायलेकी पुण्यात उतरल्या, तर त्या खोलीत दुसऱ्याच मुली राहत होत्या. एजंटचा फोन बंद. लेक दोन आठवडे एका लांबच्या नातेवाइकाकडे राहिली. दोन खोल्यांत ती धरून सहा माणसं.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं वाचलेलं सांगितलं. मंगळसूत्राच्या गोष्टीला बायका गप्प झाल्या. मुठीच्या गोष्टीला ती आजीच बोलली, "माही सासू काढे मूठ. कुठी जाये, थे आमाले कोनी सांगतलं नाही." कर्ज मंजूर झालं. त्यामुळे एका ताईला बियाण्यासाठी मागितलेले पूर्ण पैसे मिळाले नाहीत, आणि त्या अजूनही आमच्याकडे पाहून तोंड फिरवतात. त्यांचं चुकतं, असं आम्ही म्हणणार नाही.

या वेळी मायलेकींबरोबर गटाच्या सचिव गेल्या. तिघींनी खोली डोळ्यांनी पाहिली, पाणी किती वेळ येतं ते विचारलं, आधी राहणाऱ्या मुलींशी बोलल्या, आणि डिपॉझिटची सहीची पावती घेतल्याशिवाय पैसे दिले नाहीत. चार मुलींत एक खोली, कॉट बेसिसवर. मेस वेगळी.

रजिस्टरमध्ये सचिवांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं: शिक्षण, राहण्याची खोली. सप्टेंबरपासून हप्ते सुरू झाले. यंदा त्याच गटात असे दोन अर्ज आले आहेत, एक अकोल्याचा, एक नागपूरचा, आणि बैठक पेरणीच्या आधी ठेवली आहे.