ग्वाल्हेरची वाट आणि सहप्रवाशांचे सल्ले

वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस दूधसागराचा घाट चढून बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ आणि झाशी या मार्गाने सुमारे दीड दिवसात ग्वाल्हेरला पोहोचते. गाडी न बदलता गाठता येणाऱ्या उत्तरेकडील मोजक्या ऐतिहासिक शहरांपैकी हे एक. तरीही अनेक गोमंतकीय पर्यटक आग्रा, मथुरा किंवा दिल्लीचेच तिकीट काढतात. ग्वाल्हेरला उतरण्याचा विचार अनेकदा डब्यातच होतो. समोरच्या बाकावरचा प्रवासी किल्ल्याची गोष्ट काढतो, दुसरा गजकाची आठवण सांगतो, तिसरा ‘मे महिन्यात चुकूनही जाऊ नका’ असे बजावतो. असे सल्ले फुकट मिळतात. त्यांपैकी कोणता मानावा, हे मात्र ज्याचे त्याला ठरवावे लागते. ग्वाल्हेरच्या वाटेवर मराठी माणसाला हा प्रश्न गेली पावणेदोनशे वर्षे पडत आला आहे.

मराठी माणसांची वाट

ग्वाल्हेर आणि मराठी मुलूख यांचा संबंध शिंद्यांमुळे जडला. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेले सेनानी जिवबादादा केरकर हे मूळचे पेडण्यातील केरीचे. म्हणजे या वाटेने गोमंतकीय अठराव्या शतकातच गेले होते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी कायम केली. ती छावणी म्हणजेच आजचे लष्कर. शिंदे की छावनी, दौलतगंज, जनकगंज ही वस्त्यांची नावे आजही त्या काळाची आठवण देतात. शहराच्या मध्यवर्ती चौकाला महाराज बाडा म्हणतात. हा ‘बाडा’ म्हणजे आपला वाडाच. दरबारी, कारकून, शास्त्री, भिक्षुक, गवई अशा अनेकांची घरे येथे वसली. दक्षिणेतून निघालेल्या माणसाला उतरायला घर आणि विचारायला माणूस मिळू लागला.

रेल्वे आणि छापील मार्गदर्शिका नव्हत्या तेव्हा प्रवासाची माहिती माणसांकडूनच मिळे. पुढच्या मुक्कामी पाणी आहे का, नदीला उतार कोठे, अन्नछत्र कोणत्या गावी, रोकड जवळ बाळगावी की हुंडी करावी, हे काशीहून परतणाऱ्या कावडियाला, व्यापाऱ्याला किंवा धर्मशाळेतल्या शेजाऱ्याला विचारूनच कळे. तीर्थक्षेत्रीचे उपाध्येही वाटेची माहिती देत. आलेल्या यात्रेकरूंची नावे व कुळे त्यांच्या वह्यांत नोंदलेली असत. त्यांचा सल्ला जाणकाराचा खरा, पण त्यात त्यांच्या दक्षिणेचाही प्रश्न असे. सल्ला देणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे, हे पाहण्याची गरज तेव्हाही होती.

सहप्रवासी आणि ठग

ही गरज कधी कधी जिवावर बेतणारी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत मध्य हिंदुस्थानातील रस्त्यांवर ठगांच्या टोळ्यांची मोठी दहशत होती. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या सांकेतिक भाषेचा कोश १८३६ मध्ये छापला. प्रवाशांना बोलण्यात गुंतवून टोळीत ओढणाऱ्या माणसाला त्या भाषेत ‘सोठा’ असे नाव होते. तो कधी जातभाई म्हणून, कधी त्याच व्यवसायाचा म्हणून ओळख काढी, ‘पुढची वाट वाईट आहे, सोबतीने जाऊ’ असे सुचवी आणि मुक्कामाची जागाही तोच ठरवी. विश्वास पुरता बसला की घात होई. एकट्याने जाऊ नये हा सल्ला खराच होता; ठगांनी त्या खरेपणाचाच उपयोग करून घेतला. सल्ला बरोबर असला तरी देणाऱ्याचा हेतू वेगळा असू शकतो, हे त्या काळच्या प्रवाशांना भारी किंमत देऊन शिकावे लागले.

गोडसे भटजींनी ऐकलेले सल्ले

प्रवासातील ऐकीव माहितीचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ. गोडसे हे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातल्या वरसईचे भिक्षुक. घर कर्जात होते. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यात मोठा दानधर्म होणार आहे, अशी वार्ता १८५७ च्या सुरुवातीस कोकणात पोहोचली. त्या वार्तेवर विसंबून गोडसे आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले.

निघण्यापूर्वी त्यांना घरातून विरोध झाला. उत्तरेचा मुलूख लांबचा, तिकडे भांगेचे व्यसन, तिकडच्या स्त्रिया मोहात पाडणाऱ्या, अशी वडिलांची धास्ती होती. ती ऐकीव गोष्टींवर उभी होती. पुढे महूजवळच्या मुक्कामात मात्र वेगळाच इशारा मिळाला. तेथे भेटलेल्या शिपायांनी काडतुसांचे प्रकरण सांगितले आणि थोड्याच दिवसांत मोठा उठाव होणार असल्याची कल्पना दिली. हा इशारा घटनेच्या आत असलेल्या माणसांचा होता आणि तो अक्षरशः खरा ठरला. तरीही काका-पुतणे मागे फिरले नाहीत. ज्या कर्जासाठी घर सोडले, ते फिटल्याशिवाय परतण्यात त्यांना अर्थ दिसत नव्हता. सल्ला कळणे आणि तो पाळण्याची ऐपत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ज्या यज्ञासाठी ते निघाले होते, तो त्या धामधुमीत राहून गेला. धार, उज्जैन, ग्वाल्हेर असे करीत गोडसे झाशीस गेले आणि राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले. १८५८ च्या वसंतात इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हाची लूट आणि कत्तल त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. जवळचे द्रव्यही गेले. या सर्व काळात त्यांना तारले ते वाटेवरच्या मराठी घरांनी. कोठे आसरा आहे आणि कोणता रस्ता टाळावा, ही बातमी त्या घराघरांतून पुढे जात होती. अखेर ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईस परतले. धनाचा हेतू फारसा साधला नाही, गंगाजलाने आईवडिलांना स्नान घालण्याची इच्छा मात्र पुरी झाली.

हा वृत्तान्त त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहून काढला. तो चिंतामण विनायक वैद्य यांच्याकडे आला. हे वैद्य पुढे ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश झाले. ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण वैद्यांनी भाषेत आणि मजकुरात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. प्रत्यक्षदर्शीचा शब्दही दुसऱ्याच्या हातून जाताना कसा बदलतो, याचे हे उदाहरण होय.

गाण्याच्या शोधात निघालेले

याच वाटेने गाण्याचे विद्यार्थीही गेले. ख्यालगायकीचे ग्वाल्हेर घराणे हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंच्या नावाने ओळखले जाते. कोणता उस्ताद कोणाला शिकवतो, कोण घरी ठेवून घेतो, कोण वर्षानुवर्षे नुसती सेवा करवून घेतो, ही माहिती गवयांच्या तोंडूनच मिळत असे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी गुरूच्या शोधात उत्तर गाठली आणि वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे ग्वाल्हेरची गायकी आत्मसात केली. ती विद्या त्यांनी महाराष्ट्रात आणली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी देशभर पोहोचवली. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली.

आजचे सल्ले आणि त्यांची पारख

आजच्या प्रवाशाला जिवाची भीती नाही. वेळ, पैसा आणि घरच्या ज्येष्ठांचे हाल एवढाच प्रश्न असतो. ग्वाल्हेरविषयी प्रवासी एकमेकांना जे सांगतात, त्यात नेहमी ऐकू येणाऱ्या काही गोष्टी पुढे तपासून दिल्या आहेत.

*ऋतू.* गोव्यातील शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात येते आणि त्याच वेळी ग्वाल्हेर तापलेले असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गोव्याचा घामट उकाडा सोसणाऱ्यांना ही कोरडी लू फसवते; घाम दिसत नाही आणि शरीरातील पाणी कमी होत राहते. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. डिसेंबरात तानसेन समारोह असतो. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दाट धुक्यामुळे गाड्या उशिरा धावतात, म्हणून परतीच्या प्रवासात एक दिवस हाताशी ठेवावा.

*किल्ला.* ‘किल्ला चढायला अवघड’ आणि ‘गाडी थेट वर जाते’ हे दोन्ही सल्ले खरे आहेत. पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याकडून वाहन वर जाते. वाटेत कातळात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती दिसतात. पूर्वेकडची वाट पायी चढायची आहे. तिच्या पायथ्याशी गुजरी महाल असून त्यात संग्रहालय आहे. ज्येष्ठ सोबत असतील तर उरवाईकडून जावे. पायी चढणाऱ्याला वाटेत चतुर्भुज मंदिर लागते. इ. स. ८७६ च्या तेथील शिलालेखात २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० फुलमाळा यांचा उल्लेख असून ते आकडे शून्यासह कोरलेले आहेत. शून्याच्या अंकाचा हा भारतातील अतिप्राचीन लेखांपैकी एक. देऊळ लहान असल्याने घाईत सुटते. वर मानसिंह तोमराने बांधलेला मानमंदिर महाल, तेली का मंदिर आणि सास-बहू मंदिरे पाहण्यासाठी अर्धा दिवस तरी हवा.

*जयविलास महाल.* जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधलेल्या या महालाच्या दरबारात दोन अवाढव्य झुंबरे आहेत. छत ते वजन पेलेल की नाही हे पाहण्यासाठी आधी हत्ती वर चढवले, असे सांगतात. हत्तींची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते. महाल आणि संग्रहालय यांच्या सुट्टीचा वार मात्र अशा ऐकीव माहितीवर सोडू नये. आदल्या दिवशी दूरध्वनीने विचारून घ्यावा.

*तानसेनाची चिंच.* तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, हा ग्वाल्हेरचा सर्वांत जुना प्रवासी सल्ला. पाल्यासाठी ओरबाडलेले मूळ झाड राहिले नाही. आता तेथे दुसरे आहे. कबर मुहम्मद गौस यांच्या मोठ्या मकबऱ्याच्या आवारात आहे. मकबऱ्याच्या दगडी जाळ्या पाहायला वेळ द्यावा आणि पाला झाडावरच राहू द्यावा.

*समाधी.* राणी लक्ष्मीबाईंना जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या लढाईत वीरमरण आले. त्यांची समाधी फूलबाग भागात, रेल्वे स्थानकापासून फार दूर नाही. गाडीला दोन-तीन तास अवकाश असेल तरीही तेथे जाऊन येता येते.

*खाणे.* तीळ आणि गुळाचे कुरकुरीत गजक ही ग्वाल्हेर-मुरैना भागाची ओळख. ते थंडीचे खाणे आहे. ‘ग्वाल्हेरचे गजक काही खास नाही’ असे सांगणाऱ्याने ते कोणत्या महिन्यात खाल्ले, हे आधी विचारावे.

*छोटी गाडी.* दोन फुटी रुळांवरून ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे २०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीची वर्णने जुन्या प्रवाशांकडून अजूनही ऐकायला मिळतात. ती २०२० मध्ये बंद झाली आणि त्या मार्गावर रुंद रूळ टाकण्याचे काम हाती घेण्यात आले. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याची माहिती त्याच्या प्रवासाच्या वर्षाची असते.

विचारावे कसे

सहप्रवाशाला ‘काय पाहावे’ एवढेच विचारले तर त्याची आवड कळते. आपण कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी आणि कोणासोबत गेला होता, हे विचारले की त्या आवडीचा आपल्याला किती उपयोग, ते समजते. कारणासहित दिलेला सल्ला अधिक मोलाचा, कारण परिस्थिती बदलली असेल तर ऐकणारा तो स्वतः सुधारून घेऊ शकतो. ज्याला आपल्या जाण्यातून काही मिळणार आहे, त्या रिक्षावाल्याचे किंवा दलालाचे म्हणणे ऐकावे, पण दुसऱ्या कोणाला विचारून खात्री करावी. नाकारलेल्या सल्ल्याचेही कारण लक्षात ठेवावे. महूच्या शिपायांचे न ऐकता पुढे गेलेल्या गोडसे भटजींनी तो इशारा पंचवीस वर्षांनंतरही विसरलेला नव्हता.

परतीच्या गाडीत कोणीतरी ग्वाल्हेरविषयी विचारतेच. त्याला उत्तर देताना आपण केव्हा गेलो होतो, हे आधी सांगावे.