टाकीतला खडक येतो कुठून?

खाऱ्या पाण्याची टाकी असलेल्या घरी गेलो की मुलं थेट 'निमो'कडे धावतात. आज आपण माशाकडे नाही, त्याच्यामागच्या खडकाकडे बघणार आहोत. या छंदाची खरी गोष्ट त्या खडकातच आहे. आणि ती सुरू होते ब्रिटनमध्ये, म्हणजे आपण राहतो तिथेच.

1853 साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय ते हेच. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि मध्यमवर्गीय घरांत समुद्राची टाकी ठेवायची लाट आली. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचलेली होतीच. लोक छिन्नी-हातोडा घेऊन ओहोटीला जायचे. समुद्रफूल खडकाला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून त्याच्याबरोबर खडकाचा तुकडाही फोडून आणायचे. काही वर्षांतच डेव्हनच्या किनाऱ्यावरची डबकी ओकीबोकी झाली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी 1907 मध्ये 'फादर अँड सन'मध्ये हे लिहून ठेवलं आहे. आपल्याच पुस्तकांमुळे हे घडलं, याचं वडिलांना फार वाईट वाटायचं, असंही ते सांगतात.

गंमत म्हणजे खोटा खडक करायची कला त्याच काळात याच देशात होती. हर्टफर्डशरचे पुलहॅम घराणं विटा आणि दगडगोट्यांच्या ढिगावर सिमेंटचा थर देऊन, त्याला भेगा-पापुद्रे पाडून हुबेहूब कडे उभे करायचं. लंडनच्या बॅटरसी पार्कमधले धबधब्याचे खडक त्यांचेच. पण तो बागेतला देखावा होता. पाण्यातल्या जिवांशी त्याचा संबंध नव्हता.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी गोष्ट जाकार्ताला जाते. 1961 मध्ये ली चिन एंग या गृहस्थांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली: टाकीत समुद्रातला 'जिवंत खडक' ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा, बाकीचं काम खडक करेल. तो करतोही. खडक जाळीदार असतो. माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचं वरच्या थरातले जिवाणू नायट्रेट करतात, आणि आत जिथे प्राणवायू कमी असतो तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू करून टाकतात. 1980च्या दशकात ही पद्धत युरोप-अमेरिकेत पसरली आणि किलोकिलोने खडक समुद्रातून निघू लागला. फ्लोरिडातून, फिजीतून, इंडोनेशियातून. म्हणजे डेव्हनचीच कहाणी, फक्त या वेळी विमानाने. फ्लोरिडाच्या समुद्रातून नैसर्गिक खडक काढणं 1990च्या दशकात टप्प्याटप्प्याने बंद झालं.

मग लोकांनी घरी खडक करायला घेतला. अमेरिकेत त्याला 'अ‍ॅरागोक्रीट' हे नाव पडलं. एक भाग पोर्टलंड सिमेंट (पांढरं असेल तर उत्तम) आणि चारेक भाग प्रवाळाची वाळू किंवा कालवांच्या शिंपल्यांचा चुरा. कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकतात तो चुराही चालतो. मिश्रणात जाडं खडे मीठ घालायचं, म्हणजे पुढे ते विरघळून आत छिद्रं राहतात. मला यातली ही युक्ती सगळ्यात आवडते. पाणी बेताचंच, गोळा वळेल इतपत. ओल्या वाळूत वेडावाकडा खड्डा करून त्यात हा गोळा दाबायचा, मधून बोटाने बोगदे पाडायचे. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. ओलं सिमेंट कातडी भाजतं. मुलांना वाळूचा साचा करू द्या, सिमेंटला हात लावू देऊ नका.

आता संयमाचा भाग. नव्या स्लॅबवर पाणी मारतात, तसा हा खडक आधी काही दिवस ओला ठेवायचा आणि मग बादलीत बुडवून पाणी बदलत राहायचं. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच 12च्या आसपास जातो. समुद्राचा असतो 8.1 ते 8.3. घाई केली तर मासे मरतात, इतकं हे साधं आहे. पीएच चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे बहुधा एक-दोन महिने, वाट बघायचीच.

सुट्टीत मालवणला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथल्या समुद्रात प्रवाळ आहे. भारतात 2001 पासून खडक बांधणारं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. आठवण म्हणूनही त्याचा तुकडा बॅगेत टाकू नका.

धुऊन निवलेला खडक टाकीत गेला की सुरुवातीला अगदी बांधकामावरचा राडारोडा दिसतो. त्याच्याशेजारी कुणाच्या तरी जुन्या टाकीतला मुठीएवढा जिवंत तुकडा ठेवायचा. जिवाणू आधी सरकतात, ते दिसत नाहीत. काही महिन्यांनी करड्या सिमेंटवर जांभळट-गुलाबी शेवाळाचे ठिपके उमटायला लागतात.