नियंत्रकाची अल्प स्मृती आणि कारखान्याचा दस्तऐवज

अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये रिले-पॅनेलला पर्याय मागितला, तेव्हा स्मृती किमान ४ के शब्दांपर्यंत वाढविता यावी अशी एक अट घातली होती. रिचर्ड मोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘मॉडिकॉन ०८४’ हे त्या मागणीचे उत्तर होय. त्याच्या चुंबकीय कड्यांच्या स्मृतीत वीज गेली तरी प्रोग्रॅम टिकत असे. पुढे आलेल्या अर्धवाहक रॅमला मात्र बॅटरीचा आधार द्यावा लागला.

काटकसरीचा कस खरा लागला तो लहान नियंत्रकांत. १९९० च्या दशकातील ॲलन-ब्रॅडलीच्या ‘मायक्रोलॉजिक्स १०००’ मध्ये प्रोग्रॅमसाठी सुमारे ७३७ आणि विदेसाठी ४३७ शब्द एवढीच जागा होती. टायमर ४०, काउंटर ३२. एकही अधिक नाही. त्यामुळे ‘होय-नाही’ स्वरूपाच्या सोळा खुणा एकाच शब्दात बसविणे, पुन्हा पुन्हा लागणारे काम उपप्रोग्रॅममध्ये नेणे, हा अभियंत्याचा नित्याचा व्यवहार बनला.

या काटकसरीची किंमत मात्र अभ्यासकांच्या ध्यानी क्वचितच येते. शिडी-आकृतीतील टिपा व नावे नियंत्रकात जात नसत. ती संगणकावरील फाइलमध्येच राहत. फाइल हरवली की यंत्रातून परत मिळे ते केवळ पत्त्यांचे जाळे. चौथ्या इनपुटला कोणता संवेदक जोडला होता आणि तो कशासाठी, हे त्यातून कळत नाही. तेवढ्यासाठी जुन्या कामगाराकडेच जावे लागते, तोही निवृत्त झाला नसेल तर.